दाताच्या कॅपचे माप आणि आकार कशावरून ठरतात?

रूट कॅनाल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची ठरली की रुग्णाचे बहुतेक प्रश्न पदार्थाभोवती फिरतात. धातूची घ्यावी, सिरॅमिकची की झिरकोनिया या पांढऱ्या, अतिकठीण पदार्थाची, किती वर्षांची हमी मिळेल, रंग जुळेल का, ही चौकशी रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या दवाखान्यांत रोज होते. कॅपचे माप आणि आकार यांबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतो. खरे पाहता महागातली महाग कॅपसुद्धा आकार चुकला तर हिरडी सुजवते, घास अडकवते किंवा समोरची दाढ दुखवते. आणि साध्या धातूची कॅप आकार नीट साधला तर वर्षानुवर्षे विनातक्रार काम देते. हा आकार डॉक्टरांच्या पसंतीने किंवा रुग्णाच्या हौसेने ठरत नाही. शेजारचे दोन दात, समोरच्या जबड्यातला दात आणि मुळाशी असलेली हिरडी यांनी तो आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि डॉक्टर व कॅप बनवणारी लॅब यांचे काम तो अचूक वाचण्याचे असते.

कॅप म्हणजे दाताच्या हिरडीबाहेरच्या भागाला चहूबाजूंनी झाकणारे कवच. त्या कवचाला स्वतःची जाडी असते, त्यामुळे तेवढी जागा मूळ दात घासून करून द्यावी लागते. पूर्ण झिरकोनियाच्या कॅपसाठी दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण १ ते १.५ मिलिमीटर जागा लागते. आत धातू आणि वर सिरॅमिक असलेल्या कॅपला १.५ ते २ मिलिमीटर लागते, कारण तिथे दोन थर मावायचे असतात. ‘डॉक्टर, दात जास्त घासू नका’ ही विनंती आम्ही नेहमी ऐकतो, आणि तिच्यामागची काळजी रास्त आहे. पण जागा कमी ठेवली तर लॅबमधल्या तंत्रज्ञापुढे दोनच वाटा उरतात, आणि दोन्ही वाईट आहेत. एक तर कॅप पातळ करायची, म्हणजे ती तडकण्याची भीती. नाही तर ती फुगीर करायची, म्हणजे गालाच्या आणि जिभेच्या बाजूला अनावश्यक उंचवटा तयार होतो व त्याच्याखाली हिरडीलगत कीटण साचत राहते. कॅपचा आकार बिघडण्याची सुरुवात अनेकदा लॅबमध्ये होत नाही, ती दात घासतानाच झालेली असते. म्हणून पदार्थ कोणता वापरायचा हे दात घासण्यापूर्वी ठरवावे. घासून झाल्यावर पदार्थ बदलला तर आधीची जागा नव्या पदार्थाला पुरेलच असे नाही.

जागेइतकेच महत्त्व घासलेल्या दाताच्या उंचीला आणि त्याच्या भिंतींच्या उताराला असते. उभ्या काठाच्या डब्यावर झाकण घट्ट बसते आणि काठ फार निमुळता असेल तर ते हलक्या धक्क्यानेही निघते. कॅपचेही तसेच आहे. समोरासमोरच्या भिंतींमधला एकूण कोन साधारण १० ते २० अंशांच्या आत असावा आणि दाढेची उरलेली उंची किमान ४ मिलिमीटर, इतर दातांची किमान ३ मिलिमीटर असावी, असे मानले जाते. सिमेंट कितीही चांगले असले तरी ते या भूमितीची जागा घेऊ शकत नाही. दाढ मुळातच आखूड असेल तर तिच्या भिंतींवर उभ्या खाचा घेणे किंवा हिरडीची छोटी शस्त्रक्रिया करून दाताचा थोडा अधिक भाग उघडा करणे असे उपाय असतात. ‘कॅप सारखी निघते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदा आतल्या दाताची उंची पाहतो, सिमेंटचा विचार त्यानंतर करतो. शिवाय कॅपच्या कडेला आत खरा, निरोगी दात सर्व बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर तरी उरलेला असावा लागतो. कॅप केवळ भरलेल्या सिमेंटवर टेकली असेल तर चावण्याचा जोर दात आणि सिमेंट यांच्या सांध्यावर येतो आणि एक दिवस सगळेच तुटून हातात येते.

आता हिरडी. हाडाच्या कडेपासून वर सुमारे २ मिलिमीटरपर्यंत हिरडी दाताला चिकटलेली असते. ही पट्टी म्हणजे बाहेरच्या जंतूंपासून हाडाचे रक्षण करणारा बांध आहे, आणि कॅपची कड त्या पट्टीत घुसवली तर शरीर ते सहन करत नाही. हिरडी लाल होते, ब्रश लावताच रक्त येते, आणि कालांतराने हाड मागे सरकते. पुढच्या दातांत कड दिसू नये म्हणून ती हिरडीखाली किंचित, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, नेता येते. मागच्या दाढांत ती हिरडीच्या वरच राहिली तर स्वच्छतेला फार सोपे जाते. दाढेची कड दिसते म्हणून नाराज होणाऱ्यांना मी हेच सांगतो की ती जिथे दिसते तिथेच ब्रशही पोहोचतो. हिरडीतून बाहेर येताना कॅपचा उभा आकार मूळ दाताइतकाच सपाट असावा. गळ्याशी एकदम फुगणारी कॅप हिरडीचे रक्षण करते असा समज एके काळी होता, पण अनुभव उलट सांगतो : फुगवट्याखाली ब्रशचे केस जात नाहीत आणि हिरडी सतत सुजलेली राहते. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांची संख्या अजून मोठी आहे. मशेरीचा थर दाताच्या गळ्याशी आणि कॅपच्या कडेवर बसतो, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही कड गुळगुळीत आणि हाती लागेल अशी असणे अधिकच गरजेचे ठरते. मशेरी सोडली तर उत्तम, हे वेगळे सांगायला नको.

शेजारच्या दातांशी कॅपचा स्पर्श किती असावा, याची परीक्षा कोकणात मे महिन्यात आपोआप होते. रायवळ आंबा चोखून खाल्ला आणि नव्या कॅपच्या एकाच बाजूला दर वेळी धागे अडकू लागले, तर तो स्पर्श सैल आहे असे समजावे. सुरमईचे किंवा मटणाचे तंतूही तिथेच रुततात. दाढांमधला हा स्पर्शबिंदू वरच्या तिसऱ्या भागात, चावण्याच्या पृष्ठभागाजवळ आणि मध्यापेक्षा किंचित गालाच्या बाजूला असतो. त्याच्याखाली दोन दातांमध्ये त्रिकोणी जागा राहते आणि ती हिरडीने भरलेली असते. स्पर्शबिंदू फार खाली नेला किंवा रुंद केला तर हिरडीला जागा उरत नाही. तो फार वर किंवा फार बारीक ठेवला तर घास खाली दाबला जातो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९२ साली असे दिसले, की स्पर्शबिंदू आणि खालचे हाड यांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर मधली जागा जवळजवळ नेहमी हिरडीने भरते, ६ मिलिमीटर असेल तर साधारण निम्म्या वेळा, आणि ७ मिलिमीटर असेल तर चारातून जेमतेम एकदा. पुढच्या दातांत मधे काळा त्रिकोण दिसू नये म्हणून लॅबला स्पर्शबिंदू थोडा हिरडीकडे आणायला सांगतात, ते याच हिशेबाने.

सैल स्पर्शाइतकाच घट्ट स्पर्शही वाईट. घट्ट कॅप पूर्ण खाली बसतच नाही. ती वर अडकून राहते, कड उघडी पडते, आणि रुग्णाला मात्र फक्त ‘उंच लागते’ एवढेच जाणवते. अशा वेळी चावण्याचा पृष्ठभाग घासत बसण्यापेक्षा आधी बाजूचा स्पर्श तपासावा. मेणाचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, किंचित अडून ‘टक’ असा आत गेला तर स्पर्श योग्य आहे. तो विनाअडथळा सरकला तर स्पर्श सैल, आणि फाटला किंवा गेलाच नाही तर घट्ट.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते ते समोरच्या जबड्यातल्या दाताबद्दल, कारण इथे पुस्तकातला आकार आणि तोंडातला आकार यांत मोठी तफावत पडते. पुस्तकात खालच्या पहिल्या दाढेची रुंदी सुमारे ११ मिलिमीटर, वरच्या पहिल्या दाढेची सुमारे १० मिलिमीटर आणि दोन्हींची उंची साडेसात मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते. सोबत टोकदार उंचवटे आणि खोल खाचा असलेले सुबक चित्र असते. ते वीस वर्षांच्या तरुणाच्या दाढेचे चित्र आहे. चाळीस वर्षे पान-सुपारी खाल्लेल्या साठीतल्या माणसाच्या दाढा पाहिल्या तर उंचवटे घासून सपाट झालेले असतात, मधे पिवळसर आतला थर उघडा पडलेला असतो, आणि जबडा चावताना उभा न जाता आडवा, दळल्यासारखा फिरतो. अशा तोंडात पुस्तकातली टोकदार कॅप बसवली तर ते उंचवटे जबड्याच्या आडव्या हालचालीत प्रत्येक वेळी अडतात. दाढ दुखते, सिरॅमिकचा टवका उडतो, किंवा समोरचा दात हलू लागतो. तिथे कॅपलाही तेवढाच सपाटपणा आणि उथळ खाचा द्याव्या लागतात, मग ती टेबलावर कितीही साधी दिसो. लॅबला माप, म्हणजे दातांचा ठसा, पाठवताना वय आणि सुपारीची सवय कळवावी, एवढेच नव्हे तर दुसऱ्या बाजूची तीच दाढ दिसेल असे माप पाठवावे, असा माझा आग्रह असतो. आकार कुठून उचलायचा याचे सगळ्यांत भरवशाचे उत्तर त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूच्या दाढेत असते.

उंचीची जाणीव दातांना विलक्षण सूक्ष्म असते. मुळाभोवतीच्या तंतूंमधून सुमारे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कणही जाणवू शकतो, आणि माणसाचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. म्हणून कॅप बसवताना रंगीत कार्बन पेपर दातांमध्ये धरून चावायला सांगतात. कार्बनचा डाग उमटला म्हणजे तिथे टेकते, एवढे तर खरे. पण डाग नीट निरखला तर अधिक कळते. जिथे जोर जास्त पडतो तिथे रंग मधून पुसला जातो आणि फिकट मध्य असलेली छोटी कडी उमटते. सर्वांत गडद ठिपका घासण्याचा मोह होतो, पण घासायचे असते ते या कडीच्या जागी. चावताना ठिपके पाहून झाले की जबडा उजवीकडे, डावीकडे आणि पुढे सरकवायला सांगावे. त्या वेळी दाढेवर लांब रेषा उमटल्या तर उंचवट्यांचा उतार जास्त आहे. ही तपासणी भुलेचा परिणाम उतरल्यावर करणे उत्तम, कारण बधिर तोंडाने कोणीही नेहमीसारखे चावत नाही.

वरच्या दाढा खालच्या दाढांना गालाच्या बाजूने थोड्या झाकतात, आणि तेवढ्या पुढाव्याने गाल बाहेर राहतो. कॅप करताना हा पुढावा सपाट झाला की जेवताना सारखा गाल चावला जातो. जिभेच्या बाजूला फुगवटा आला तर जीभ घासून फोड येतो. या दोन्ही तक्रारी रुग्ण बहुधा ‘सवय होईल’ म्हणून सोसतात. सवय होण्याची वाट पाहू नये, चार मिनिटांत दुरुस्त होण्यासारखी ती गोष्ट आहे.

समोरच्या, पटाशीच्या दातांत प्रश्न दिसण्याचा असतो. वरच्या मधल्या दाताची रुंदी सरासरी साडेआठ आणि उंची साडेदहा मिलिमीटर असते, म्हणजे रुंदी उंचीच्या सुमारे ८० टक्के. हे प्रमाण ९० टक्क्यांकडे गेले की दात चौकोनी, बुटका दिसतो. चेहऱ्याचा आकार उलटा केला की मधल्या दाताचा आकार मिळतो, ही कल्पना १९१४ च्या सुमारास मांडली गेली आणि कृत्रिम दातांच्या बाजारात दीर्घकाळ चालली. नंतरच्या मोजमापांत चेहरा आणि दात यांचा असा पक्का संबंध आढळला नाही. सुवर्णप्रमाणाची, म्हणजे १.६१८ : १ : ०.६१८ या हिशेबाची, गोष्टही तशीच आहे : वाचायला आकर्षक, पण नैसर्गिक दातांत ते प्रमाण फार थोड्यांत सापडते. त्यामुळे मोबाइलवर कोणा नटीचा फोटो दाखवून ‘असे दात करा’ म्हणण्यापेक्षा स्वतःचा जुना, हसरा फोटो आणावा. लग्नातल्या एका फोटोतून दातांची उंची, मधली रेघ आणि हसताना ओठ किती वर जातो, हे सगळे मिळते.

पुढच्या दातांची लांबी ठरवायला कान उपयोगी पडतात. ‘व’ आणि ‘फ’ उच्चारताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या रेघेला हलकेच लागते, म्हणून तात्पुरती कॅप लावून मी रुग्णाला ‘वैभववाडी’ आणि ‘वाफोली’ म्हणायला सांगतो. दात लांब झाले असतील तर ओठ अडखळतो. ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट’ असे मोजताना शिट्टी वाजली किंवा वरखालचे दात एकमेकांवर आपटले तर लांबी किंवा जाडी पुन्हा पाहावी लागते. तात्पुरत्या ॲक्रिलिक कॅपचा खरा फायदा हाच आहे. ती आठवडाभर वापरून, तिच्यात हवे ते बदल करून, मग तिचेच माप लॅबला पाठवता येते. दाढेच्या बाबतीत तात्पुरत्या कॅपला आणखी एक काम असते. घासलेली दाढ उघडी ठेवली तर समोरची दाढ खाली येते, शेजारच्या दाढा त्या जागेकडे कलतात, आणि महिन्याभरापूर्वी घेतलेल्या मापाची कॅप बसेनाशी होते.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढांचा मार्ग वेगळा आहे. तिथे स्टीलच्या तयार कॅप मिळतात आणि प्रत्येक दाढेसाठी २ ते ७ अशी सहा मापे असतात. इथे खरोखरच निवड करायची असते : जी सर्वांत लहान कॅप दाढेला पूर्ण झाकून, किंचित ताण देत बसते, ती योग्य. मोठे माप घेतले तर कड हिरडीत रुतते, आणि दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागून सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ त्या कडेला अडकू शकते. काही पद्धतींत दाढ न घासताच अशी कॅप बसवतात. मुलाला काही दिवस उंच लागते, पण वाढत्या जबड्यात चावा काही आठवड्यांत जुळतो. मोठ्या माणसाच्या उंच कॅपला हा नियम लावू नये.

लॅबमध्ये काय घडते हेही थोडे माहीत असावे. झिरकोनियाची कॅप कच्च्या, खडूसारख्या ठोकळ्यातून यंत्राने कोरली जाते आणि मग १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजली जाते. भाजताना ती आकसते, म्हणून कोरताना तिला २० ते २५ टक्के मोठी कोरतात. हे गणित संगणक करतो, पण मूळ मापात घासलेल्या दाताची कड धूसर आली असेल तर संगणक ती कड अंदाजाने ओढतो. मापाच्या वेळी हिरडीत बारीक दोरा घालून ती बाजूला करणे, रक्त थांबवणे, तोंड कोरडे ठेवणे, यावर दहा मिनिटे जास्त गेली तर रुग्णाने कंटाळू नये. कॅप आणि दात यांच्या कडेतली फट १२० मायक्रॉनपर्यंत चालते असे १९७१ पासून मानतात. अणकुचीदार प्रोब कडेवरून फिरवताना अडकला तर ती कॅप परत पाठवावी. रंगाची निवडही मापाच्या दिवशीच, दात घासण्यापूर्वी आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात करावी, कारण कोरडा पडलेला दात खरा असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो.

आपल्या भागात याला वेळेची अडचण येते. चतुर्थीला किंवा शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी आठ दिवसांत रूट कॅनाल, माप आणि कॅप असे सगळे उरकून द्या म्हणतात. लॅब दुसऱ्या शहरात, आणि सणाच्या दिवसांत पार्सलचा भरवसा नसतो. अशा घाईत सर्वांत आधी कापली जाते ती ट्रायल. सिरॅमिकवर शेवटची चकाकी चढवण्यापूर्वी कॅप तोंडात लावून पाहण्याचा हा टप्पा आहे, आणि आकारातले फेरफार त्याच वेळी स्वस्तात होतात. वेळ नसेल तर चांगली तात्पुरती कॅप लावून परत जावे आणि कायमची पुढच्या फेरीला बसवावी, किंवा सगळे काम मुंबईतच एका ठिकाणी करावे. अर्धे इथे आणि अर्धे तिथे केले की माप एकाचे आणि जबाबदारी दुसऱ्याची, असा घोळ होतो.

कॅप पक्की करण्यापूर्वी रुग्णाने स्वतः तपासावे. जीभ कॅपवरून शेजारच्या दाढेवर फिरवावी, पायरी लागते का पाहावे. दोन्ही बाजूंनी एकदम दात मिटावेत. कॅप आधी टेकते असे वाटले तर स्पष्ट सांगावे. फ्लॉस दोन्ही बाजूंनी घालून पाहायची मागणी करावी. सिमेंट लावल्यानंतर हिरडीखाली राहिलेले त्याचे कण काढले आहेत ना, हेही विचारावे, कारण आकार अचूक असूनही हिरडी सुजण्याचे ते नेहमीचे कारण असते. आठवड्याने पुन्हा दाखवायला जावे. त्या वेळी कॅप उंच लागते म्हणून घासली गेली, तर घासलेली जागा रबराच्या चाकाने आणि पेस्टने आरशासारखी गुळगुळीत करून घ्यावी. चकचकीत झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा झिजवत नाही, पण खरखरीत राहिलेला झिरकोनिया कानसीसारखा वागतो आणि समोरच्या निरोगी दाताचे कवच झिजवू लागतो.